सदस्य-सचिव

ज्या बैठकीला आपण गैरहजर असतो, त्या बैठकीत आपली नेमणूक होते. हा नियम व्यवस्थापनाच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण मी तो नोकरीत तीनदा पडताळून पाहिला आहे. पहिल्यांदा ग्रंथालय समिती, दुसऱ्यांदा वार्षिक अंक, आणि तिसऱ्यांदा, दाताच्या डॉक्टरांपुढे आ वासून बसलो असताना, ‘बिझनेस स्कूल नवीन इमारत नियोजन समिती’चा सदस्य-सचिव. सदस्य म्हणजे ज्याला मत असतं तो. सचिव म्हणजे जो इतरांची मतं लिहून घेतो तो. व्याकरणवाले या समासाला काय म्हणायचं ते म्हणोत, इथे दुसरं पद प्रधान असतं.

खोटं कशाला बोलू, मनातून मी सुखावलो होतो. मी प्रकल्प नियोजन शिकवतो. इतकी वर्षं फळ्यावर काल्पनिक पूल आणि काल्पनिक कारखाने बांधले, आता खरी इमारत हाताला लागणार होती. पहिल्याच बैठकीत डीनसर म्हणाले, “आपण निर्णयशास्त्र शिकवणारी माणसं. आपल्याला कितीसा वेळ लागणार?” हे वाक्य मी इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलं. पुढे ते काढून टाकावं म्हणून त्यांनी मला तीनदा सुचवलं, पण तोवर इतिवृत्त कायम झालं होतं.

प्रत्येक विभागाकडून गरजा लेखी मागवल्या. फायनान्सला ट्रेडिंग रूम हवी होती, जिच्या भिंतीवर शेअरचे भाव दिवसभर सरकत राहतील. मार्केटिंगच्या मॅडमना फक्त दर्शनी बाजू हवी होती. तिच्या मागे काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मनुष्यबळ विभागाला भिंतीच नको होत्या, कारण माणसं मोकळी बसली की मनं मोकळी होतात. त्याच अर्जात खाली, बारीक अक्षरात, विभागप्रमुखांच्या केबिनला आतून कडी असावी अशी विनंती होती. स्ट्रॅटेजीच्या सरांनी कागदच दिला नाही. “इमारत मुळात का हवी, हे आधी ठरायला हवं,” एवढं बोलून ते जे गेले, ते चौथ्या बैठकीला उगवले आणि पार्किंगबद्दल पाऊण तास बोलले. त्यांना दोष देत नाही. विद्यापीठ म्हणजे पार्किंगच्या सामाईक तक्रारीने एकत्र राहिलेले स्वतंत्र उद्योजक प्राध्यापक, असं क्लार्क केर १९६३ मध्येच म्हणून गेलेत, आणि ते स्वतः कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते.

कोण कुणाशेजारी बसणार, हा खरा तिढा. मी शास्त्राचा आधार घ्यायचं ठरवलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की दोन माणसांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण पन्नास मीटरपुढे ते जवळजवळ थांबतंच. मी तो वक्र पडद्यावर दाखवला. सभेत शांतता पसरली. मला वाटलं, पटलं. मग अर्थशास्त्राच्या सरांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “हे पन्नास मीटर दारापासून मोजायचे की खुर्चीपासून?” अर्थशास्त्राला मार्केटिंगपासून एक्कावन्न मीटर हवे होते. पुढच्या बैठकीत पाच विभागांचे सुधारित अर्ज आले, पाचांनाही ॲलन यांचं संशोधन तत्त्वतः मान्य होतं.

मग मी खोल्यांचा वापर मोजायचा उद्योग केला. हा अगदी साधा हिशेब असतो: खोली किती वेळ वापरात असते आणि वापरात असताना किती भरते, या दोहोंचा गुणाकार. आठवडाभर वही घेऊन दारांवरच्या काचांतून डोकी मोजत हिंडलो. एका वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाशी नजरानजर झाली. त्याने मोबाइल खिशात टाकला आणि वहीत भराभर काहीतरी लिहायला लागला. आमच्या वर्गांत कुणी काही लिहून घेतल्याची त्या आठवड्यातली ती एकमेव नोंद. शेवटी आकडा निघाला: खोल्या निम्मा वेळ वापरात आणि वापरात असताना निम्म्या भरलेल्या. निम्म्याचे निम्मे, म्हणजे २५ टक्के. जागा पुरत नाही म्हणून आम्ही जी ओरड करत होतो, ती मंगळवार-बुधवार, सकाळी दहा ते एक, एवढ्यापुरतीच खरी होती. बाकीचा आठवडा इमारत आमची वाट बघत बसलेली.

डीनसरांनी तक्ता दोनदा वाचला. “आकडा बरोबर आहे?”

“हो सर.”

“मग परिशिष्टात टाका.”

परिशिष्टात टाकलेली गोष्ट मूळ अहवालापेक्षा सुरक्षित राहते. तिला कुणी हातच लावत नाही.

आर्किटेक्ट आले ते काळ्या कपड्यांत, मोठा पडदा घेऊन. आधी अहमदाबादच्या आयआयएमची चित्रं दाखवली. १९६२ मध्ये अमेरिकन वास्तुकार लुई कान यांनी हातात घेतलेलं ते काम, विटांच्या त्या प्रचंड गोल कमानी बघून आम्ही सगळे खरोखर गप्प झालो. कान म्हणे विटेलाच विचारायचे, बाई, तुला काय व्हायचंय? आणि वीट म्हणायची, मला कमान आवडते. “तर मला सांगा,” आर्किटेक्ट आमच्याकडे वळून म्हणाले, “तुमच्या इमारतीला काय व्हायचंय?” डीनसरांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “क्रमवारीत पहिल्या पन्नासात यायचंय.”

नंतर दुसरे वास्तुकार, फ्रँक गेरी आले. म्हणजे चित्रांतून आले. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं बिझनेस स्कूल: तीन लाखांहून जास्त विटा हातांनी रचून भिंतींना कापडासारख्या चुण्या पाडलेल्या. २०१५ च्या उद्घाटनाला आलेल्या गव्हर्नर जनरलनी ‘मी पाहिलेली सगळ्यांत सुंदर चुरगळलेली खाकी कागदी पिशवी’ अशी तिची तारीफ केली होती. मार्केटिंगच्या मॅडमचे डोळे पाणावले. त्याच गेरींनी २००२ मध्ये क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलला वळणावळणाचं, चकचकीत पोलादी छप्पर घातलं. हिवाळ्यात त्यावरून बर्फ घसरून खालच्या पदपथावर यायला लागला. हे मी सहज म्हणून सांगितलं. “आपल्याकडे बर्फ पडत नाही,” मॅडम म्हणाल्या. मग छपरावरून आपल्याकडे काय घसरू शकतं याची चर्चा झाली आणि ती थेट लेखापरीक्षणावर जाऊन थांबली.

ब्रिटिश लेखक नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एका समितीची गोष्ट लिहिली. तिने एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर केली आणि सायकलींच्या साडेतीनशे पौंडांच्या शेडवर पाऊण तास घालवला. अणुभट्टी कुणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. मी हे वर्गात शिकवतो आणि मुलं हसतात. आमच्या समितीने पाया, खांब आणि भूकंपरोधक रचना, सगळं मिळून तीन मिनिटांत संमत केलं. त्यातलं एक मिनिट प्रोजेक्टर बंद पडण्यात गेलं. त्यानंतर प्रश्न निघाला: वर्गात फळा काळा असावा की पांढरा?

त्या दिवशी मला कळलं की आमच्यात इतके दिवस दोन पंथ सुखाने नांदत होते ते केवळ विषय न निघाल्यामुळे. खडूपंथीय म्हणाले, खडू हा विचाराच्या वेगाने चालतो. मार्करपंथीय म्हणाले, धुळीने फुप्फुसं जातात. सांख्यिकीचे सर खिशातून खडूचा तुकडा काढून दाखवत म्हणाले, हा दोन हजार एकोणीसपासून माझ्याकडे आहे, कुठला मार्कर इतका टिकतो? मार्करपंथीयांचे पुढारी उठून बोर्डाकडे गेले. त्यांना ‘स्पष्टता’ असा शब्द लिहायचा होता. ‘स्प’पर्यंत शाई आली, ‘ष्ट’ अंधुक झालं आणि ‘ता’चा नुसता चिरका आवाज आला. एक तास वीस मिनिटांनी ठरलं की दोन्ही फळे लावावेत. एकावर दुसरा, सरकते. ते कुणी सरकवायचे, यासाठी उपसमिती नेमली. तिचा सदस्य-सचिव कोण, हे सांगायला नकोच. मी त्या क्षणी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो.

मग अंदाजपत्रक आलं आणि कात्री लागली. सगळ्यांच्या मागण्यांची बेरीज केली होती ती नुसत्या खोल्यांची. भिंतींची जाडी, जिने, लिफ्ट, डक्ट, स्वच्छतागृहं, व्हरांडे हे कुणीच मागितलं नव्हतं, त्यामुळे ते कुणाच्याच बेरजेत नव्हतं. आर्किटेक्टनी ते मिळवलं तेव्हा इमारत दीडपट झाली. “हे व्हरांडे कशाला एवढे?” वित्त अधिकारी म्हणाले, “अनुत्पादक क्षेत्र.” मी वास्तुकार बाळकृष्ण दोशींची आठवण करून दिली. बंगळुरूच्या आयआयएममध्ये त्यांनी लांबच लांब, उन्हाचे कवडसे झेलणारे मार्ग मुद्दाम ठेवलेत, येताजाता माणसं भेटावीत म्हणून. वित्त अधिकाऱ्यांनी सहानुभूतीने ऐकलं आणि व्हरांडा एक मीटरने अरुंद केला. तेवढ्यानेही भागेना. मग तिसरा मजलाच काढला.

वेळापत्रकाबद्दल मी फार बोलणार नाही. इतकंच सांगतो की मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काह्नेमन एकदा अशाच एका समितीत होते. अभ्यासक्रम बनवायचा होता, सगळ्यांनी दोन वर्षांच्या आसपासचा अंदाज दिला. त्यांच्यातल्याच एका जाणकाराने, आठवून आठवून, सांगितलं की अशा गटांना किमान सात वर्षं लागतात आणि कित्येकांचं काम पुरंच होत नाही. सगळ्यांनी ते ऐकलं आणि काम चालू ठेवलं. आठ वर्षं लागली. हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो. माझ्या स्वतःच्या तक्त्यात इमारत तीस महिन्यांत पुरी होते. त्यातले सव्वीस झालेत. सरकत्या फळ्यांचा अहवाल अपेक्षित आहे.

तोवर मॉडेल तयार झालं. एकास दोनशे प्रमाण, टेबलाएवढं. आत साडेआठ मिलिमीटर उंचीची पांढरी माणसं उभी आहेत. एकाच्याही हातात फाइल नाही. मजले झाकणासारखे उचलता येतात, त्यामुळे मंजुरीच्या दिवशी आर्किटेक्टनी तिसरा मजला दोन बोटांनी अलगद उचलला आणि सभेत कुणाला फारसं काही वाटलं नाही.

मॉडेल ठेवायचं कुठे, हा प्रश्न उरला. जागेची टंचाई असल्याने ते सदस्य-सचिवांच्या केबिनमध्ये ठेवावं, असा ठराव झाला. माझं टेबल बाहेर व्हरांड्यात आलं. दार बंद होत नाही, कारण इमारतीची दर्शनी बाजू वीतभर बाहेर येते. मॅडम अधूनमधून येऊन तिच्यावरची धूळ झटकतात.

परवा एक विद्यार्थी प्रबंधावर सही घ्यायला आला. सही होईपर्यंत वाकून मॉडेल बघत होता.

“सर, यात तुमची केबिन कुठली?”

मी पेनानेच आत, कपाटाच्या माथ्याकडे दाखवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तिसरा मजला तिथे ठेवलाय.

त्याने मान वर करून नीट पाहिलं. “लिफ्ट आहे ना सर तिथपर्यंत?”