मावशीच्या बोटांत खोट नाही

घरच्या ग्रुपवर काल तो मेसेज आला: ‘परदेशांचा व्हिसा आता कॉम्प्युटर ठरवतो. त्याला रंग, देश दिसत नाही. नकार आला तर खोट तुमच्यातच. चेहरा-आवाज खोटं बोलत नाहीत. कलाकार माणुसकीच्या नावाने उगाच गळा काढतात.’ तो वाचून लालबागच्या मावशीचा मला फोन. म्हणाली, “खोट माझ्यातच असेल गं.”

गेल्या महिन्यात व्हिसा केंद्रात तिच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेचनात. तीस वर्षं खानावळीच्या भाकऱ्या थापून, भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. काउंटरवरच्या मुलाने ओल्या कपड्याने बोटं पुसून चारदा काचेवर दाबायला लावली. मागे रांग ताटकळलेली, मावशी खाली मान घालून उभी. यात तिची खोट कुठली?

म्हणे, देश दिसत नाही! ब्रिटनचं गृहखातं २०१५पासून व्हिसा अर्जांना धोक्याच्या अंदाजानुसार लाल, पिवळा, हिरवा रंग देणारी प्रणाली वापरत होतं. राष्ट्रीयत्व हा त्यातला एक निकषच होता आणि ‘संशयित’ देशांची यादी गुप्त. लाल अर्जांना नकार जास्त, आणि त्याच नकारांवरून पुढचे अर्ज लाल, असा आक्षेप घेऊन स्थलांतरितांच्या हक्कांसाठी झटणारी जेसीडब्ल्यूआय आणि तंत्रज्ञानाच्या गैरवापराविरुद्ध लढणारी फॉक्सग्लव्ह या संस्था कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०२०मध्ये खात्याने ती प्रणाली गुंडाळली.

चेहऱ्यांचं म्हणाल, तर अमेरिकेच्याच ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने २०१९मध्ये दाखवलं की चेहरा ओळखणाऱ्या बऱ्याच प्रणाली गोऱ्यांपेक्षा आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांत जास्त गफलत करतात.

कॉम्प्युटरने कामं लवकर होतात, हे मान्य. पण नकार का आला, हे विचारायचं कुणाला?

राहिले कलाकार. नेदरलँड्समध्ये आश्रय मागणाऱ्या सोमाली लोकांचा मूळ प्रदेश त्यांच्या उच्चारांवरून ठरवला जाई. लॉरेन्स अबू हमदान या कलाकाराने २०१२मध्ये अशा नाकारलेल्या लोकांना सोबत घेऊन त्यांच्या बोलीचे नकाशे काढले. दुष्काळ, युद्ध, स्थलांतर यांनी एकाच माणसाच्या जिभेवर किती गावं आणून ठेवली, ते त्यात दिसतं. तिथे निदान ऐकायला माणूस होता. जर्मनीत २०१७पासून आश्रयाचे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मदतीला बोली ओळखणारं सॉफ्टवेअर आहे. आमची मावशी घरात मालवणी बोलते, भाजीवाल्याशी हिंदी, शेजारच्या सातारच्या काकूंशी त्यांच्यासारखं. तिचं गाव कुठलं ठरवाल?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलंय. गुरुवारी मावशीची पुन्हा तारीख आहे, मी सोबत जातेय. ठसे उमटले नाहीत तर कारण लेखी घेतल्याशिवाय आम्ही काउंटरवरून हलणार नाही.