घड्याळ कुठाय, जावईबापू?

माझ्याकडे खिशातलं घड्याळ एकही नाही. त्या घड्याळाला लटकवायचे बिल्ले मात्र खणभर आहेत. नाल सापडली म्हणून लोक घोडा घ्यायला निघतात. मी जन्मभर नालच जमवणार, असं बायकोचं म्हणणं आहे.

या बिल्ल्याला फॉब म्हणतात. चामड्याची अरुंद पट्टी, एका टोकाला घड्याळ, दुसऱ्या टोकाला पितळेचा, कधी मीनाकाम केलेला बिल्ला. घड्याळ खिशात बसतं, बिल्ला बाहेर लोंबतो, तो ओढला की वेळ हातात. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत अवजारं विकणाऱ्या कंपन्यांनी जाहिरातीसाठी असले फॉब वाटले. मला त्यातलं काही नको. मला लागतात फक्त रेल्वे युनियनचे. ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये राहणाऱ्याला हे व्यसन जडणं सोपं आहे. इंजिन चालवणाऱ्यांच्या ब्रदरहुडचं, म्हणजे युनियनचं, मुख्यालय इथेच होतं आणि रेल्वेच्या घड्याळांना शिस्त लावणारा वेब बॉल हा जवाहिऱ्याही इथलाच.

१८९१ च्या एप्रिलमध्ये ओहायोतल्याच किप्टन गावी टपालगाडी आणि पॅसेंजर समोरासमोर धडकल्या. कुणाच्या तरी घड्याळाने चार मिनिटं डुलकी काढली होती, असं सांगतात. मग घड्याळं तपासायची व्यवस्था बॉलकडे आली. आठवड्यात ३० सेकंदांहून जास्त मागेपुढे झालं की घड्याळ नापास. कामगाराने ते घ्यायचं स्वतःच्या पगारातून, तपासून घ्यायचं बॉलच्या व्यवस्थेत, आणि घड्याळं विकायला बॉल बसलेलाच! तबकडीवर युनियनचं नाव छापलेली घड्याळंसुद्धा त्याने विकली. धंदा करावा तर असा. म्हणून घड्याळांबद्दल मला फारसं प्रेम नाही. घड्याळ नियमाचं, फॉब मात्र माणसाचा स्वतःचा. साहेबाने ‘किती वाजले?’ विचारलं की खिशातून आधी युनियन बाहेर यायची, मग वेळ.

हे सगळं मी सासऱ्यांना रंगवून सांगितलं. सासरे भुसावळचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त, १९७४ च्या संपातले. जगात या छंदाची कदर करील असा एकच माणूस आपल्या घरी मुक्कामाला आलाय, अशी माझी समजूत होती. त्यांनी फॉब तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला, माझ्या खिशाकडे पाहिलं आणि विचारलं, “घड्याळ कुठाय, जावईबापू?”

खरा छळ पुढेच आहे. रविवारी पहाटे जुन्या बाजारात थंडीत कुडकुडत जायचं. विक्रेता हमखास म्हणतो, “माझ्या आजोबांचा आहे.” भिंग लावून पाहावं तर अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, म्हणजे जुन्या फॉबचा साचा काढून ओतलेली नक्कल. त्याच आजोबांचे सारखेच आणखी फॉब टेबलाखाली खोक्यात असतात. अस्सल मालावर मागे बनवणाऱ्याचं नाव असलं तर सोनं: न्यूअर्कचे व्हाइटहेड अँड होग, रोचेस्टरचे बॅस्टियन ब्रदर्स. नाव नसलं तरी मी घेतोच, ती गोष्ट वेगळी. (बायको हा लेख वाचणार नाही, अशी आशा आहे.)

मग संशोधन. मागे कधी खिळ्याने कोरलेली आद्याक्षरं सापडतात आणि लॉजचा, म्हणजे युनियनच्या शाखेचा, क्रमांक. युनियनच्या जुन्या मासिकांत लॉजच्या याद्या छापायचे, त्यावरून गाव सापडतं. माणूस नाही सापडत, कारण आद्याक्षरं असतात जे. एस. आणि त्या गावात निम्मे जॉन स्मिथ. याद्या चाळता चाळता मी भलतंच वाचत बसतो. ब्रेक लावायला धावत्या मालगाडीच्या टपावरून पळणारे, डबे जोडताना बोटं गमावणारे ब्रेकमन. त्यांचा विमा उतरवायला कंपन्या कचरायच्या, म्हणून त्यांनी १८८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ओनिऑन्टाला गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून स्वतःची ब्रदरहुड काढली. माझे डोळे पाणावायच्या बेतात असतात, तेवढ्यात त्या ब्रदरहुडच्या घटनेतलं कलम आठवतं: सभासद गोराच हवा. म्हणजे त्यांच्या फॉबसाठी आज पदरमोड करणाऱ्या मला त्यांनी तेव्हा दारात उभं केलं नसतं. पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांतल्या कृष्णवर्णीय पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली आपली ब्रदरहुड उभारली. तिचा फॉब कुठे मिळाला तर मी घासाघीससुद्धा करणार नाही.

सध्या घरात वाद पेटलाय तो ‘बी. आर. सी.’ अशी तीनच अक्षरं उरलेल्या एका फॉबवरून. सी म्हणजे डबे दुरुस्त करणारे कारमन की क्लार्क? दोन्ही युनियनी होत्या. मी रात्री बारापर्यंत मासिकं चाळली. सासऱ्यांनी चष्मा न लावता निकाल दिला.

“कारकून.”

“कशावरून?”

“डबे दुरुस्त करणाऱ्याच्या कमरेला असता तर हा मीना शाबूत राहिला असता? आणि पाच वाजले का, हे बघायची घाई कारकुनालाच असते.”

मी वहीत पेन्सिलीने ‘कारकून?’ असं लिहिलं. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडायला लावलं.