४००ची लेन्स ६००ची होत नाही

ताडोबाला निघालेल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘क्रॉप सेन्सरवर ४०० मिमीची लेन्स ६००ची होते, वाघ दीडपट जवळ येतो.’ तसं काही होत नाही. लेन्स ४००चीच राहते. क्रॉप सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी लहान चिप; ती फक्त कडा कापते, म्हणून चौकटीत वाघ मोठा दिसतो. खरा फायदा पिक्सेल किती दाट आहेत यावर ठरतो. निकॉनची क्रॉप सेन्सरवाली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) डी५०० २०.९ मेगापिक्सेलची. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, डी८५०चा ४५.७ मेगापिक्सेलचा फोटो तेवढाच कापला, तरी १९.४ उरतात. फरक जवळजवळ नाहीच! (वजनात मात्र आहे.) २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर तोच काप साडेदहाच्या आसपास आणतो, तिथे क्रॉप बॉडी खरंच कामाची. आणि कॅननवाल्यांनो, तुमचा क्रॉपच्या पटीचा आकडा दीड नव्हे, १.६ आहे.