पंधरा दिवसांत नख गुलाबी? नख तेवढं वाढतच नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतोय. पायाचं नख पिवळं आणि जाड झालं की ती बुरशीच. कडकडीत पाण्यात बेकिंग सोडा आणि व्हिनेगर घालून पाय बुडवा, नखावर ठेचलेला लसूण बांधा, 15 दिवसांत नख गुलाबी होईल आणि बुरशी कायमची जाईल. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र घेऊ नका, यकृत जातं. मधुमेह असलेली माणसंही हे वाचून करून बघतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी ते 15 दिवस. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला 1 ते 1.5 मिलिमीटर वाढतं. बुरशीने पोखरलेला भाग पुन्हा चांगला होत नाही. मुळातून आलेलं नवं नख त्याला पुढे ढकलतं आणि आपण तो कापून टाकतो. पूर्ण नख बदलायला 12 ते 18 महिने लागतात. पंधरवड्यात अख्खं नख गुलाबी करणारं औषध कोणाकडेच नाही. उपचार लागू पडतोय का ते मुळाशी बघायचं, तिथे स्वच्छ नखाची पट्टी दिसू लागते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की फसफसतात आणि एकमेकांना निकामी करतात. शिवाय ही बुरशी, बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम, नखाच्या आत आणि खालच्या गादीशी असते. वरच्या पाण्याने ती हलत नाही.

खरा धोका कडकडीत पाण्यात आणि लसणात आहे. मधुमेहात अनेकांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, पाय पोळला तरी कळत नाही. कच्चा लसूण बांधून ठेवला तर कातडी भाजल्यासारखी सोलवटते. अशी जखम चिघळली की प्रकरण बोट कापण्यापर्यंत जाऊ शकतं. घरातल्या मधुमेही माणसाला हा उपाय कृपा करून करू देऊ नका.

आणि प्रत्येक पिवळं नख बुरशीचं नसतंच. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकी सोरायसिस असतो, घट्ट बुटाचा दाब असतो, जुना मार असतो. नखाचा कीस घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की बऱ्याचदा उलगडा होतो. एका तपासणीत काही दिसलं नाही तर डॉक्टर पुन्हा नमुना घेतात.

गोळ्यांची भीती अगदी निराधार नाही. टर्बिनाफाइन या बुरशीवरच्या गोळीमुळे यकृताला इजा होऊ शकते, पण गंभीर इजा फार विरळा. म्हणून आधी रक्त तपासतात आणि यकृताचा आजार असलेल्यांना ही गोळी देत नाहीत. नेहमीचा डोस रोज 250 मिलिग्रॅम, 12 आठवडे. या गोळीच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकानुसार सुमारे 70 टक्के रुग्णांत बुरशी गेली, पण त्यासोबत नखही पूर्ण स्वच्छ झालं ते 38 टक्क्यांत. गोळीही जादू नाही, पण हाताशी असलेल्या उपायांत ती उजवी आहे. थोडंच नख बिघडलं असेल तर अमोरोल्फिन या बुरशीनाशक औषधाचा लेपही चालतो, फक्त तो महिनोन्‌महिने नेटाने लावावा लागतो.

‘कायमची जाईल’ हेही खोटं. ती परत येते, कारण बोटांच्या बेचक्यांत आणि बुटांत ती शिल्लक राहते. पावसाळ्यात चिखल्या झाल्या की लगेच उपचार करा, बेचक्या कोरड्या ठेवा, ओले बूट दुसऱ्या दिवशी घालू नका आणि नेलकटर प्रत्येकाचं वेगळं ठेवा. घरात आणखी कोणाला चिखल्या असतील तर त्यांचेही उपचार त्याच वेळी सुरू करा.