बॅकअप आहे, काळजी नसावी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या किंवा नव्या पेठेत कापडाचे दुकान थाटून बसलेल्या सद्गृहस्थांनी फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या, म्हणजे रॅन्समवेअरच्या, भीतीने डोके शिणवण्याचे काहीच कारण नाही. हे दुखणे मोठ्यांचे आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडून तेथे कित्येक दिवस हाताने नोंदी कराव्या लागल्या, हे खरे. पण आपल्याकडे आहे काय? टॅलीतली येणी-देणी, जकार्डच्या डिझाइनच्या फाइली आणि जीएसटीची विवरणपत्रे. एवढ्याशा ऐवजासाठी कोणता परदेशी चोर सोलापूरची वाट धरणार? (हल्ल्याचे प्रोग्राम इंटरनेटवरची उघडी दारे एकामागून एक चाचपत जातात आणि दारामागे इस्पितळ आहे की चादरीचे गोदाम, याची आधी चौकशी करत नाहीत, पण ही किरकोळ बाब आपण सोडून देऊ.)

तरीही कोणी फारच घाबरवले, तर बॅकअप अवश्य घ्यावा. एक पेनड्राइव्ह आणून तो संगणकाला कायमचा लावून ठेवावा, काढूच नये. यामुळे रॅन्समवेअरची मोठी सोय होते. मूळ फाइलींना कुलूप घातल्यावर त्याच दमात ते पेनड्राइव्हमधील प्रतींनाही घालते, आणि दोन्हीकडची स्थिती ताळेबंदासारखी तंतोतंत जुळते. तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, पैकी एक जागेबाहेर, असा नियम जाणकार सांगतात. दर शनिवारी हार्डडिस्क घरच्या कपाटात नेऊन ठेवण्याइतका रिकामा वेळ ज्यांना असेल, त्यांनी तो खुशाल पाळावा. घेतलेला बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहण्याचा आगाऊपणा मात्र कोणीही करू नये. तो उघडला नाही, तर विनाकारण झोप उडते.

अपडेट हे तर दिवाळीच्या साफसफाईइतकेच पुढे ढकलण्याजोगे काम. वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअरचा हल्ला 12 मे 2017 रोजी जगभर पसरला आणि त्याला रोखणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते, म्हणजे लांबणीवर टाकायला चांगले दोन महिने हाताशी होते. ऑर्डरच्या मेलबाबतही संशयी वृत्ती बरी नव्हे. ‘पर्चेस ऑर्डर डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ या नावाची फाइल आली, तर ती कागद नसून प्रोग्राम आहे हे सांगणारी शेवटची तीन अक्षरे विंडोज आपण होऊन झाकून ठेवते. ती उघडी करण्याची सेटिंग शोधत बसण्यापेक्षा अकाउंटंटने फाइलच उघडलेली बरी. गिऱ्हाईक नाराज होता कामा नये.

एका गोष्टीबद्दल मात्र आपण वीज मंडळाची माफी मागितली पाहिजे. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, तेव्हा आपला माल ज्या न्हावा-शेव्याहून परदेशी जातो तेथील एक टर्मिनलही ठप्प झाले. कोणाला कोठे प्रवेश द्यायचा हे ठरवणारे कंपनीचे सर्व्हर एकजात पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेलेली होती! एवढ्या बलाढ्य कंपनीची आपत्कालीन योजना शेवटी लोडशेडिंगवर तरली. आपल्याकडे ही सुविधा अधूनमधून उपलब्ध असताना, संगणकापासून तोडून ठेवलेल्या प्रतीवर वेगळा खर्च कशाला?

इतके करूनही पडद्यावर खंडणीची चिठ्ठी झळकलीच, तर घासाघीस करून पैसे भरावेत. नॉटपेट्याच्या वेळी ज्यांनी भरले त्यांच्या फाइली उघडण्याची किल्ली मुळात कोणाकडेच नव्हती, परंतु उधारीत बुडालेल्या पैशांची सवय असणाऱ्यांना हे जड जाऊ नये. सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवण्याचा 2022 चा निर्देश आहे, पण तेवढे तास कॉम्प्युटरवाला फोन उचलेपर्यंत सहज निघून जातात. राहता राहिला जीएसटी कायदा, जो वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून पुढे 72 महिने हिशेब जपायला सांगतो. विचारणा झाली, तर ‘व्हायरस आला होता’ असे लेटरहेडवर लिहून द्यावे. लेटरहेडची फाइलही त्याच संगणकात असल्यामुळे ते तेवढे हाताने आखून घ्यावे लागेल.