‘आधी आहे ते सांभाळा’ : सिडकोतल्या काकांना उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की नाशिकच्या प्रत्येक विभागात निदान एक तरी असं आवार हवं, जिथे मैदान, छोटा दवाखाना, फिजिओथेरपी आणि ज्येष्ठांचं डे केअर एकाच कुंपणात असेल. त्यावर अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतून निवृत्त झालेल्या, नाशिकच्या सिडको भागात राहणाऱ्या एका काकांनी लिहिलं: “आहे ते सांभाळता येत नाही, नवीन कशाला? आमच्या उद्यानातल्या ग्रीन जिमची मशिनं गंजून पडलीत. खेळाडू, पेशंट आणि म्हातारी माणसं यांची मोट बांधून काय साधणार? म्हाताऱ्यांचं मैदानावर काय काम? हे गंगापूर रोडवाल्यांचे चोचले आहेत, पैसेवाल्यांचे. त्यात सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं डोक्यावर, आत्ता नको, २०२७ नंतर बघू. आणि बांधलंच, तर पाच वर्षांत तिथे लग्नाचं लॉन्स होणार, लिहून ठेवा.”

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, मग आईला मोठ्याने वाचून दाखवली. “माणूस खरं बोलतोय,” ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी माझी चूक कबूल करते. लेखात मी सिंथेटिक ट्रॅकवर दोन परिच्छेद खर्च केले. तो हट्ट मी सोडला आहे. आठ लेनचा ४०० मीटरचा ट्रॅक टाकायला साधारण १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा लागते, म्हणजे चार एकर तिथेच संपले. शिवाय वरचा थर काही वर्षांनी पुन्हा घालावा लागतो, आणि त्या वेळी पैसे कुठून येणार हे आपल्याकडे कुणी आधी ठरवत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य घेऊन आली, ती डोंगरवाटांवर धावायला शिकलेली मुलगी होती. वस्तीतल्या मैदानाला ट्रॅकची गरज नाही. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं, कबड्डीचं १३ बाय १०. एका एकरात चार हजार चौरस मीटर असतात. त्यात एक खो-खो, दोन कबड्डी, एक मल्लखांब आणि सभोवती चालायची वाट बसवूनही दवाखान्यापुरती जागा कडेला उरते. मी एकरभराच्या भूखंडाबद्दल बोलायला हवं होतं. बोलले स्टेडियमबद्दल.

आता तुमचा मुख्य प्रश्न: मोट कशाला बांधायची?

तुमच्या जवळच्या कुठल्याही मैदानाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे साडेपाच ते साडेआठ चालणारे, धावणारे, भरतीची तयारी करणारी पोरं. संध्याकाळी साडेचारनंतर शाळेतली मुलं. मधले आठ तास मैदान रिकामं. आणि घरातलं म्हातारं माणूस एकटं असतं ते नेमके हेच आठ तास. तुम्ही जनरल शिफ्ट केली आहेत, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. मुलगा-सून साडेआठला बाहेर पडतात, नातवंडं शाळेत, आणि आजी टीव्हीसमोर. मैदानाशेजारच्या दोन खोल्या, संडास, पाणी, सावली, गेटवरचा माणूस हे सगळं सकाळी आणि संध्याकाळी खेळाडूंसाठी लागणारच आहे. तेच दुपारी ज्येष्ठांच्या कामी येतं. मी जे मागतेय ते मुळात एक वेळापत्रक आहे. तीन वेगळ्या इमारती, तीन वेगळे ठेके, तीन वेगळी कुलपं असली की प्रत्येक इमारत दिवसातला बराचसा वेळ बंद राहते, आणि बंद इमारत आधी मोडते.

आईचं सांगते. २०१९ मध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. जीव वाचला, पण खरी परीक्षा घरी आणल्यावर सुरू झाली. फिजिओथेरपीचं केंद्र जवळच होतं, पण पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्या माणसाला पाय उचलता येत नाही त्याने अठरा पायऱ्या चढून पाय उचलायला शिकायचं. दोन जणांनी खुर्चीत बसवून तिला वर न्यायचं, हे दीड महिना चाललं, मग थांबलं. घरी वीस फेऱ्या मारायला सांगितलं होतं. ती चार मारायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

आमच्या मागे एका शाळेचं मैदान आहे. एका संध्याकाळी सहज तिला व्हीलचेअरवरून तिकडे नेलं. मुली खो-खो खेळत होत्या. आई शाळेत असताना खो-खो खेळायची, हे मला माहीत होतं, पण तिच्या अंगात तो खेळ किती उरलाय हे तोपर्यंत कळलं नव्हतं. एक मुलगी खांबाजवळ चुकली आणि आई खुर्चीचा हात धरून अर्धी उठली: “अगं, खो दे, खो दे!” दुसऱ्या दिवसापासून तीच साडेचारला तयार होऊन बसायची. तीन आठवड्यांनी ती कुंपणाला धरून उभी राहून सामना बघायला लागली. दोन महिन्यांनी गेटपासून त्या कुंपणापर्यंत काठी टेकत चालत गेली. व्यायाम तोच होता. फरक इतकाच की चालून जायला एक ठिकाण होतं आणि तिथे बघण्यासारखं काही होतं. म्हणून “म्हाताऱ्यांचं मैदानावर काय काम” हे वाक्य मी तुमच्याकडून ऐकून घेईन, पण मान्य करणार नाही.

हे माझ्या एकटीच्या घरातलं निरीक्षण आहे असंही नाही. लंडनच्या पेकम भागात दोन डॉक्टरांनी १९२६ मध्ये एक केंद्र सुरू केलं आणि १९३५ मध्ये त्याला मोठी इमारत मिळाली. मधोमध पोहण्याचा तलाव, भोवती व्यायामशाळा, खेळण्याच्या खोल्या, उपाहारगृह आणि डॉक्टरांच्या तपासणीच्या खोल्या. सभासद व्हायचं ते कुटुंबाने, आठवड्याला एक शिलिंग देऊन. आणि कुटुंब राहायला हवं ते बाबागाडी ढकलत येता येईल इतक्या अंतरावर. आतल्या भिंतींना मुद्दाम काचा लावल्या होत्या. एकाला पोहताना बघून दुसऱ्याला पाण्यात उतरावंसं वाटावं, हा हेतू. युद्धात ते बंद पडलं, १९४६ मध्ये पुन्हा उघडलं, आणि १९५० मध्ये कायमचं बंद झालं. १९४८ मध्ये तिथे सरकारी आरोग्यसेवा आली होती, ती आजाऱ्यांना तपासणारी आणि सगळ्यांना खुली. निरोगी कुटुंबांची वर्गणी घेऊन चालणारं केंद्र त्या चौकटीत बसेना. काका, मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. दिसणारा खेळ माणसाला ओढून आणतो. आणि अशा केंद्राचा खर्च कुठल्या खात्यात धरायचा हे आधी ठरलं नाही, तर चांगलं चाललेलं कामही थांबतं. दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची आहे.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते, कारण या वयातलं पडणं जिवावर बेततं. हे व्यायाम शिकवायला महागडं यंत्र लागत नाही. हाताने धरायला एक कठडा, सपाट जमीन आणि शिकवणारा माणूस लागतो.

“गंगापूर रोडवाल्यांचे चोचले” याबद्दल. २०११ च्या जनगणनेत शहरात १४ लाख ८६ हजार लोक होते आणि राज्यात साठीपुढच्यांचं प्रमाण शंभरात जवळपास दहा. तेच प्रमाण इथे धरलं तर तेव्हाच दीड लाखाच्या आसपास ज्येष्ठ होते. महापालिकेच्या सहा विभागांत सारखे वाटले तरी प्रत्येकात पंचवीस हजार. यातल्या ज्यांच्या घरी गाडी आणि ड्रायव्हर आहे त्यांचं भागतं. सिडकोत काय होतं ते तुम्ही रोज बघता. मूळ घरं लहान, कुटुंब वाढलं तसा वर मजला चढला, जिना अरुंद आणि खडा. म्हातारी माणसं वरच्या खोलीत गेली, गुडघे गेले, आणि खाली उतरणं सणासुदीपुरतं राहिलं. पहिलं आवार सिडकोत किंवा सातपूरला व्हावं, हे मी मूळ लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. आणि नुसतं आवार पुरणार नाही. माणसाला जिन्यावरून उतरवून तिथे आणणारी रिक्षा आणि मदतनीस हा त्याच खर्चाचा भाग धरावा लागेल.

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची गोष्ट करतो. तो निराधारांसाठी आहे आणि हवाच. पण तुमच्या-माझ्या गल्लीतली आजी निराधार नाही. ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एकटी आहे. तिच्यासाठी विरंगुळा केंद्राचा एखादा कट्टा सोडला तर काय आहे?

आता गंज. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ग्रीन जिम गंजते कारण ती कुणाच्या ताब्यात नसते. उद्‌घाटनाला दहा माणसं असतात, बेअरिंग घासायला लागल्यावर एकही नसतो. म्हणून माझा आग्रह यंत्रांऐवजी पगारी माणसांवर आहे: एक व्यवस्थापक, एक कायम फिजिओथेरपिस्ट, एक परिचारिका, दोन सफाई कर्मचारी. १९९८ मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. फिजिओथेरपीच्या पदवीला शेवटी इंटर्नशिप सक्तीची असते. ते विद्यार्थी अशा ठिकाणी पाळीने येऊ शकतात, पण कायम माणसाच्या देखरेखीखालीच. नाहीतर शिकाऊ पोरांवर सगळं सोपवून मोकळं होण्याची सवय लागेल.

बांधकाम मंजूर करताना पहिल्या दहा वर्षांच्या पगाराची तरतूद दाखवता येत नसेल, तर बांधू नये. इथे मी तुमच्यापेक्षाही कडक आहे.

लॉन्सची भीती मलाही आहे. या गावात मोकळ्या जागेचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. पण लॉन्सला काय लागतं? सलग हिरवळ, स्टेज, स्वयंपाकाची शेड, मोठं पार्किंग आणि रिकामी संध्याकाळ. यातलं काहीच ठेवायचं नाही. खो-खोचे खांब पक्के रोवायचे. मल्लखांब जमिनीत पुरायचा (बाळंभटदादा देवधरांना तो सुचला सप्तशृंगीच्या गडावर, अशी आख्यायिका आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्याचा त्यावर हक्कच). मध्ये खांब असलेल्या आणि संध्याकाळी दीडशे मुलं खेळत असलेल्या जागेवर मांडव घालायला कुणाची छाती होत नाही. ज्या दिवशी मुलं कमी होतील त्या दिवशी मात्र कुणीतरी बुकिंग घ्यायला येईल. म्हणून संध्याकाळ भरलेली ठेवणं हे कुंपणाइतकंच महत्त्वाचं.

राहिला सिंहस्थ. तुम्ही म्हणता, आत्ता नको, २०२७ नंतर बघू. इथेच मला घाई वाटते, आणि कारण कायद्यात आहे. शहराचा सध्याचा विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित (म्हणजे मैदान, दवाखाना अशा कामासाठी राखून ठेवलेली) खासगी जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांतही संपादन झालं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर मंजूर असेल त्यासाठी ती जागा मालकाला मोकळी होते. म्हणजे त्या आराखड्यात नव्याने पडलेल्या मैदानांच्या आणि दवाखान्यांच्या आरक्षणांची दहा वर्षं भरतात ती २०२७ मध्येच. सगळी यंत्रणा घाटांवर आणि साधूंसाठी उभारायच्या साधुग्रामात गुंतलेली असेल, आणि त्याच वेळी या नोटिसा यायला लागतील. इमारत २०३० मध्ये झाली तरी चालेल. जमीन तोवर थांबणार नाही.

आणि झाडांचंही सांगून ठेवते. तपोवनातली झाडं वाचवण्यासाठी २०२५ मध्ये नाशिककर रस्त्यावर उतरले. या आवारासाठी एकही मोठं झाड पडता कामा नये. दुपारी बसायला सावली तीच आहे.

काका, तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. तुमच्या भागात मैदान, उद्यान किंवा दवाखान्याचं आरक्षण असलेले पण रिकामे पडलेले भूखंड कुठे आहेत? महापालिकेच्या नगररचना विभागात आराखड्याचा नकाशा बघता येतो, पण तिथे आज काय उभं आहे ते तुमच्यासारख्या रोज पायी फिरणाऱ्यालाच कळतं. आणि तुमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर अडकलेली किती माणसं आहेत, एवढं मोजून कळवा. नावं नकोत, आकडा पुरे. ट्रॅकचे दोन परिच्छेद मी मूळ लेखातून काढले आहेत आणि ही दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली, असं तिथे लिहिलं आहे.