आयोडीनचं मीठ म्हणे विष!

फॅमिली ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरून येतो. आयोडीनयुक्त मीठ हे कंपन्यांचं कारस्थान आहे, त्यानंच घरोघरी थायरॉईड आला. पूर्वज खडे मीठ खायचे आणि ठणठणीत असायचे. सैंधवात 84 खनिजं असतात आणि त्यानं बीपी वाढत नाही. शेवटी हात जोडून ‘पुढे पाठवा’. नुसतं हसून सोडून दिलं असतं, पण हा मेसेज वाचून गरोदर सुनेच्या ताटातलं मीठ बदलणारी घरं आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

कारस्थान? 1956 मध्ये आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनचं मीठ, तिसऱ्याला साधं. तेव्हा तिथं शंभरातल्या जवळपास चाळीस जणांना गलगंड, म्हणजे आयोडीन कमी पडून गळ्यावर येणारी गाठ, होता. 1962 पर्यंत त्या दोन भागांत तो निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आला. साध्या मिठाच्या भागात जैसे थे. मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथला गलगंडही उतरला. 1973 मध्ये छापलेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत देव, करमरकर अशी आपल्या ओळखीची आडनावंही आहेत. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 चा, म्हणजे पाकीटबंद मिठाच्या जाहिराती घराघरांत पोचण्याच्या कितीतरी आधीचा. पुढे आयोडीनयुक्त मिठाच्या सक्तीमुळे मोठ्या कंपन्यांचं फावलं आणि छोट्या मिठागरवाल्यांची पंचाईत झाली, ही तक्रार मला रास्त वाटते. पण त्यानं मीठ विष ठरत नाही.

‘समुद्राच्या खडे मिठात आयोडीन असतंच की!’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. हिशोब करून बघा. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार आणि जेमतेम 60 मायक्रोग्रॅम आयोडीन. मिठागरात ते सगळं मिठातच उतरलं असं धरलं, तरी दिवसाच्या 5 ग्रॅम मिठातून मिळणार आठ-नऊ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला लागतं 150, गरोदरपणात 250. उलट दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम असावं असा नियम आहे, म्हणजे तेवढ्याच मिठातून किमान 75. आणि आपण 5 ग्रॅमवर थोडेच थांबतो!

गरोदरपणाचा उल्लेख मुद्दाम केला. गळ्यावरची गाठ डोळ्यांना दिसते. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन कमी पडलं तर ते कुणाला दिसत नाही, आणि पुढे भरूनही निघत नाही. ते टाळायला किलोमागे काही पैसे पुरतात. इतका स्वस्त रोगप्रतिबंध दुसरा दाखवा.

पूर्वज ठणठणीत होते म्हणता, तर कांगड्यातले ते गलगंडाचे रोगी कुणाचे पूर्वज होते?

थायरॉईडच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. वर्षानुवर्षं आयोडीन कमी मिळालेल्या भागात ते एकदम वाढलं की काहींची, विशेषतः जुन्या गाठी असलेल्या वयस्कांची, ग्रंथी बिघडू शकते. हे डॉक्टर लपवत नाहीत. पण आज टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, गल्लोगल्ली होते, त्यामुळे पूर्वी नुसतं ‘अंगात आळस भरलाय’ म्हणून सोडून दिलेलं दुखणं आता कागदावर येतं, हेही थायरॉईडच्या वाढलेल्या आकड्यांत धरायला हवं.

84 खनिजांच्या यादीत शिसंही असतं, ते कुणी मोठ्यानं वाचत नाही. सैंधवाचा बहुतेक भाग सोडियम क्लोराईडच. उरलेली खनिजं इतकी नाममात्र, की पोटॅशियम हवं असेल तर एक केळं खावं. सोडियम तेच, म्हणून बीपीही तसाच वाढणार. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, वरून भुरभुरलेलं सगळं आलं. ‘सैंधव आहे, चालतं’ म्हणत हात सैल सोडणारा बीपीचा रोगी मला जास्त काळजीचा वाटतो.

एकादशीला सैंधव खायला कुणाचीच हरकत नाही. रोजच्या बरणीत मात्र पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह असलेलं मीठच घाला, झाकण घट्ट लावा, ओला चमचा आत घालू नका. सैंधवच हवं असेल तर आयोडीन घातलेलंही मिळतं. पाकीट उलटून वाचा. आणि थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील, तर मीठ बदलण्याआधी ग्रुप ॲडमिनला नाही, डॉक्टरांना विचारा.